पहिले दीडशे किलोमीटर

हळूकाकांचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे मोटारसायकलला टायर बसवून घ्यायला आलेला माणूस निघताना एकच शब्द ऐकायचा. गाडी सुरू झाली की "हळू", फुटपाथवरून खाली उतरली की "हळू", आणि कोपऱ्यावर पोचली की मागून तोंडाशी हात धरून पुन्हा एकदा, "हळूऽऽ!" तीस वर्षं असं चाललं, आणि त्या शब्दाने माणसाचं नाव गिळून टाकलं.

त्यांच्या बायकोला लोक लख्खकाकू म्हणत. खाली दुकान, वर घर, आणि मधला जिना ही दोन राज्यांमधली सरहद्द. वरच्या राज्यात जी वस्तू चमकू शकते ती चमकत असे, आणि जी चमकू शकत नाही तिलाही काकू सहजासहजी सोडत नसत. दाराच्या कड्या, नळाच्या तोट्या, कपाटाच्या मुठी, चहाचं पातेलं आतून आणि बाहेरून. पहाटे उठून देवाचं नाव घ्यायला लागल्या की हातात फडकं यायचं, आणि नाव नि फडकं एकाच लयीत फिरायचं. देवाने दिलेली वस्तू मळकी ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर "ही नको होती" म्हणण्यासारखं आहे, अशी त्यांची पक्की समजूत. अशा बाईला नवरा मिळाला तो दिवसभर काळ्या रबरात कोपरापर्यंत हात घालून बसणारा.

"भिंतीला हात लावून जिना चढू नका हो," काकू वरून ओरडत.

"मग कशाला लावून चढू?"

"चढूच नका. मी ताट खाली पाठवते."

"काळी झाली भिंत तर रंगवून देईन."

"तुम्ही? तुमच्या चालीने रंगवायला घेतलीत तर नातवंडं संपवतील ते काम."

त्यांच्या चालीचा काकूंना मनापासून कंटाळा होता. लग्नानंतर पहिली चार-पाच वर्षं त्या नवऱ्याच्या मागे गाडीवर बसल्या. मग एकदा भाजीवाल्याची हातगाडी त्यांच्या शेजारून पुढे निघून गेली, आणि हातगाडीवाल्याने वळून नमस्कार केला. त्या दिवसापासून काकू बसने जाऊ लागल्या.

खालच्या राज्यात काय चालतं ते त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दिसायचं ते एवढंच की इतर दुकानांत अर्ध्या तासात टायर बदलून माणूस मार्गी लागतो, आणि यांच्याकडे दुपार जाते. काका लोखंडी पट्ट्यांनी जुना टायर उतरवत, रिमची आतली कड बोटाने चाचपत, नव्या टायरवरचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला आहे ना ते दोनदा बघत. कडेला साबणाचं पाणी लावून हवा भरली की टायर रिममध्ये बसताना "टप्प" असा आवाज येई, आणि एक बाजू बसली की दुसरी. तो आवाज ऐकताना काका डोळे मिटून घेत. मग चाक हवेत फिरवून रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी आहे का ते बघत. एवढं झाल्यावर इतर लोक पैसे घेतात. हे गृहस्थ बादली घेत आणि नवाकोरा टायर साबणाने, काथ्याच्या ब्रशने घासून धूत.

"अहो काका, नवाच आहे तो!" गिऱ्हाईक कळवळायचं.

"म्हणून तर. साच्यातून निघालाय, अंगावर गुळगुळीत साय आहे त्याच्या. त्याला अजून रस्ता माहीत नाही, आणि रस्त्याला तो."

"मग ओळख कधी होणार?"

"दीडशे किलोमीटरनी. तोवर जोरात पळवायची नाही, कचकन ब्रेक मारायचा नाही, वळणावर गाडी आडवी घालायची नाही. थोडी थोडी झुकवायची, रोज जरा जास्त. आणि पहिल्यांदा बाहेर काढलीत की दहा-बारा किलोमीटरवर, वळणं सुरू व्हायच्या आधी, थांबायचं. उतरायचं. टायरला हात लावून बघायचं."

"नाडी बघू का ताप?"

"दोन्ही," काका म्हणत, आणि खडूने टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी रेघ ओढत. आठवड्याने माणूस हवा तपासायला परत आला की मधून झिजलेली रेघ कडेला किती उरलीय ते बघून तो कसा चालवतो ते सांगत. जुन्या टायरवर तर ते नुसता तळहात फिरवत. "पुढचा ब्रेक फार उशिरा मारता तुम्ही. घरी कोणी वाट बघत असतं का?" असं त्यांनी एका दांडगट माणसाला विचारलं होतं, आणि तो माणूस उभ्या जागी हळवा झाला होता. काकूंनी ही गोष्ट ऐकली तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढी माणसं देवाने रस्त्यावर घातलीत, तो बघेल की त्यांचं."

"तो बघतोच," काका म्हणाले. "मी आपली हवा बघतो."

त्यांना एकच मुलगी. घरात तिला चिमणी म्हणत, आणि सव्वीस वर्षांची झाली तरी तेच नाव चालू होतं. चिमणी गुरांची डॉक्टर झाली. आईने डॉक्टर हो म्हणून देवाला साकडं घातलं होतं खरं, पण कोणाची ते सांगायचं राहून गेलं, अशी घरातली थट्टा. शहरामागच्या डोंगरावर वाड्या होत्या, गोठे होते, आणि तिथली आधीची डॉक्टर सोडून गेल्याला सहा महिने झाले होते. ती जागा चिमणीला मिळाली. रोज डोंगर चढायचा म्हणून तिने एक जुनी लाल मोटारसायकल घेतली. इंजीन चांगलं होतं, टायर मात्र म्हाताऱ्याच्या डोक्यासारखे तुळतुळीत झालेले. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी काकांनी दुपारभर बसून दोन्ही टायर नवे घातले, धुतले, रेघ ओढली, आणि सगळे नियम तिला पहिल्यापासून सांगितले.

"बाबा, मी हे दुसरीत असल्यापासून ऐकतेय."

"मग म्हणून दाखव."

चिमणीने पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले, शेवटी स्वतःच "हळूऽऽ" अशी हाळी घातली, आणि बापलेक दोघंही हसले.

सकाळी काका उठल्या उठल्या खाली गेले. गार टायरमधली हवा मोजली, समाधान झालं, आणि पिशवी घेऊन दूध आणायला गेले. काकूंनी प्रार्थना केली. आज लेकीचा पहिला दिवस म्हणून जरा जास्त वेळ केली. मग तिची डब्याची पिशवी गाडीला अडकवावी म्हणून त्या जिना उतरून खाली आल्या, आणि गाडीकडे बघून त्यांचं मन खट्टू झालं. टाकी लाल झळझळीत, आरसे स्वच्छ. चाकं मात्र राखाडी, साबणाने कोरडी पडलेली, वर खडूचा ओरखडा. बाजारातल्या दुकानात नवे टायर कसे काळेभोर चमकतात ते काकूंनी पाहिलं होतं. आपली मुलगी पहिल्या दिवशी कामावर जाणार, चार लोक बघणार, आणि टायर असे? बापाला कशाचं काही आहे का?

त्या वर गेल्या आणि खोबरेल तेलाची बाटली आणि मऊ फडकं घेऊन आल्या. देवाचं नाव घेत त्यांनी पुढचा टायर पुसला, मग मागचा. बाजू पुसल्या, आणि काम अर्धवट ठेवायची सवय नसल्यामुळे जिथून टायर रस्त्याला टेकतो ती सगळी नक्षीही पुसली, खाचाखाचांतून. गाडी हातभर पुढे ढकलून खालचा राहिलेला भागही पुसला. खडूची रेघ गेली. टायर असे दिसू लागले की त्यात तोंड बघावं.

चिमणी घाईत उतरली. फोन आला होता, वरच्या वाडीत एक गाय अडली होती. तिने आईला मिठी मारली, हेल्मेट घातलं, औषधांची पेटी मागे बांधली आणि निघाली. गल्लीच्या तोंडाशी दुधाची पिशवी घेऊन येणारे काका तिला समोरून दिसले. तिने हात केला. त्यांनी हात केला, "हळू" म्हणाले, आणि गाडी वळली तेव्हा सकाळच्या उन्हात तिचा मागचा टायर आरशासारखा लखलखला.

काका घराशी आले. "पाणी मारलंस का चाकांवर?"

"पाणी कशाला मारू?" काकू खुशीत होत्या. "तेल लावलं चांगलं. कसे उजळले बघितलेत?"

काकांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. ती कलंडली, तरी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"कुठे लावलंस? नुसतं बाजूला, की..."

"सगळीकडे. मी काय अर्धं काम करते होय?"

नवऱ्याचं तोंड असं झालेलं काकूंनी तोवर एकदाच पाहिलं होतं, त्यांची आई गेली तेव्हा. ते ओरडले नाहीत. आत गेले, पाण्याचा डबा, साबण, ब्रश, फडकी पिशवीत भरली आणि आपली जुनी गाडी बाहेर काढली. काकू चिमणीला फोन लावत होत्या. रिंग जात होती. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हाही काकांचाच नियम होता.

"मी येणार," काकू म्हणाल्या.

"दोन माणसांचं वजन..."

"मी लावलंय. मीच पुसणार. सरका पुढे."

त्या मागे बसल्या. कितीतरी वर्षांनी बसत होत्या, हात कुठे ठेवायचा तेही आठवेना. मग त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. शहर मागे पडलं, रस्ता सरळ झाला, आणि वाऱ्यात मान थोडी मागे वळवून काका बोलू लागले. रागाने नाही, टायरबद्दल गिऱ्हाइकाला सांगत तसंच.

"इथून डोंगराखालच्या पुलापर्यंत बारा किलोमीटर सरळ आहे. सरळ रस्त्यावर टायर फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो. तिथलं तेल चार-सहा किलोमीटरमध्ये रस्ता पुसून घेईल. तिला वाटेल, छान चाललंय."

"मग बरंच की!"

"कडेचं तेल तसंच राहतं. कड रस्त्याला लागते ती गाडी झुकली की. पुलानंतर पहिलं वळण."

काकूंना पुढचं सांगावं लागलं नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी त्यांच्या अंगावर आला. "अहो, मग जोरात न्या ना! आज तरी जोरात न्या!"

"नेतोय."

आणि तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की खरंच नेतायत. झाडं भराभर मागे जात होती, वेगाचा काटा त्यांनी कधी पाहिला नव्हता तिथे होता, पण अंगाला धक्का म्हणून नव्हता. खड्डा यायच्या कितीतरी आधी गाडी त्याला वळसा घालायला लागलेली असे. समोर ट्रक दिसायच्या आधीच वेग उतरलेला असे, आणि तो गेला की परत चढलेला. मांडीवर दुधाचं पातेलं असतं तरी हिंदकळलं नसतं. हा माणूस रस्ता शंभर पावलं पुढे जगत होता. ज्याला त्या तीस वर्षं मंद समजत होत्या तो मंद नव्हता. घाई न करता त्वरेने जाणं अशीही एक गोष्ट जगात असते, हे त्यांना आज नवऱ्याच्या पाठीमागे बसून कळत होतं, आणि तेही कशासाठी कळावं!

"गाठू का आपण तिला?"

"दहा मिनिटं पुढे आहे. माझं ऐकून पन्नासच्या आत चालवत असेल तर गाठू."

"आणि नसेल तर?"

काकांनी वेग आणखी थोडा वाढवला. काकू देवाला म्हणाल्या, आजवर तुझ्याकडे पुष्कळ मागितलं, आज एकच मागते, पोरीने बापाचं ऐकलेलं असू दे.

आठव्या किलोमीटरवर रस्त्याचं काम चाललं होतं. अर्ध्या रस्त्यावर खडी पसरलेली, आणि हातात लाल फडकं घेतलेला एक माणूस मधे उभा. पलीकडून रोलर येत होता.

"थांबा."

"अहो दादा, सोडा आम्हाला, आमची मुलगी पुढे गेलीय, लाल गाडी," काकू बसल्या जागेवरून जवळजवळ रडल्याच.

"लाल गाडीवाली? हेल्मेटवाली ताई?" फडकंवाल्याला उलट आनंद झाला. "ती तुमची का? अहो, मी म्हटलं ताई, जा की बिनधास्त, खडीवरून सगळेच जातात. तर उतरली आणि ढकलत नेली! एवढी गाडी! म्हणते, टायर नवे आहेत, वडील रागावतील."

"असं म्हणाली?" काकांनी विचारलं.

"तर! मी म्हटलं वडील कुठे बघतायत इथे." रोलर गेला, त्याने फडकं खाली केलं. "जा. तुम्ही चालवत जा, तुमचे टायर जुने दिसतायत."

काका उतरले नाहीत, पण खडीवरून त्यांनी गाडी अशी नेली की एक खडा उडाला नाही.

पूल दिसला. छोटासाच, दोन्ही बाजूंना कमरेएवढे कठडे. पुलावर कोणी नव्हतं. पुलाच्या पलीकडे रस्ता डावीकडे वळून चढायला लागत होता, आणि तिथेही कोणी नव्हतं.

काकांनी वळणाच्या अलीकडे गाडी थांबवली. ते उतरले आणि वाकून रस्ता पाहत पाहत वळणावरून चालत गेले, एखादं अक्षर लागत नसलं की माणूस कागद डोळ्यांशी नेतो तसे. काकू कठड्यापाशी गेल्या. खाली बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव ओठांवर आलं, आणि ते संपायच्या आत त्यांना खालून एक आवाज ऐकू आला. खस्स, खस्स, खस्स. या आवाजात त्यांचा जन्म गेला होता. कोणीतरी काहीतरी मनापासून घासत होतं.

पुलाखाली ओढ्याच्या काठावर लाल गाडी उभी होती, आणि बाह्या सरसावून, गुडघे टेकून चिमणी तिच्या मागच्या चाकाला जनावरांचे खूर धुवायच्या ब्रशने घासत होती. शेजारी औषधांच्या पेटीतला साबण.

"अहो!" काकूंना एवढंच म्हणता आलं. "अहो! आहे! आहे ती!"

चिमणीने वर पाहिलं. "आई? तू बाबांच्या मागे बसून आलीस? आज सूर्य कुठून उगवलाय?"

काका उतरणीवरून जवळजवळ घसरतच खाली आले. त्यांनी आधी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, मग टायरवर. काकू मागून पोचेपर्यंत बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं होतं आणि काहीतरी ठरवून टाकलं होतं.

"साच्याचं तेल राहिलं होतं वाटतं, बाबा," चिमणी म्हणाली.

"हो. माझंच काल धुवायचं नीट झालं नाही. डोळे कमी दिसतात हल्ली."

"खोटारडे आहात दोघंही!" काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "साच्याच्या तेलाला खोबऱ्याचा वास येतो का? मी लावलं. या हातांनी लावलं. देवाचं नाव घेत लावलं!"

"अगं आई, मला पहिल्या बोटातच कळलं," चिमणी हसत म्हणाली. "माझ्या वेणीचा वास कसा विसरीन मी?"

मग तिने सांगितलं. पुलावर आली तेव्हा थांबायचं तिच्या मनात नव्हतं. गाय अडलेली, मालकाचे तीन फोन येऊन गेलेले असणार, पहिलाच दिवस. बारा किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली होती. पूल ओलांडून ती दहा पावलं पुढेही गेली होती. "मग वाटलं, रात्री बाबा विचारणार, हात लावून बघितलास का. खोटं बोलायला जमणार नाही. म्हणून थांबले. मधे हात लावला तर खरखरीत, छान. कडेला लावला आणि बोटं सुळ्ळकन गेली."

दहा पावलं. काकूंनी वर वळणाकडे पाहिलं. ते पुलापासून तीस पावलांवर होतं.

"आण तो ब्रश," त्या म्हणाल्या.

त्यांनी घासलं. पुढचा टायर, मागचा टायर, एकदा, दोनदा, तीनदा. खाचाखाचांतून साबण फिरवला, डब्याने पाणी ओतलं. काका दरवेळी स्वच्छ पांढरं फडकं कडेवर दाबून वास घेत आणि मान हलवत. चौथ्यांदा त्यांनी फडकं काकूंच्या नाकाशी धरलं. नुसत्या रबराचा वास होता. टायर पुन्हा तसेच झाले होते, राखाडी, मळकट, कोरडे. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"यातला किती भाग रस्त्याला लागतो हो?" त्यांनी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

काकांनी त्यांचा उजवा हात धरला आणि तळहात वर करून, चाक जिथे जमिनीला टेकलं होतं त्याच्या शेजारी मातीत ठेवला. "एवढा. तुझ्या तळहाताएवढा. पुढे एक, मागे एक."

"एवढाच?"

"चालताना, थांबताना, वळताना, पावसात. तेवढाच."

काकूंनी हात उचलला नाही. त्यांना वाटत आलं होतं की माणूस गाडीवर बसतो म्हणजे कशावर तरी भक्कम बसतो. लोखंड असतं, इंजीन असतं, चाकं असतात. आणि सगळं मिळून हे एवढंसं! या क्षणी जगातल्या सगळ्या रस्त्यांवर माणसं चालली असतील, कोणी कामावर, कोणी दवाखान्यात, कोणी घरी, आणि प्रत्येकाखाली हे दोन तळहात. कोणी बघत नाही. कोणाला ठाऊकही नाही. आपण रोज देवाला म्हणतो, पोरीला तुझ्या हातावर घे, आणि तो हात कुठे असेल म्हणून आपण आभाळात शोधतो. आणि आपला नवरा तीस वर्षं वाकून बसलाय तो या एवढ्याशा जागेपुढे.

नवऱ्याची पाठ त्यांनी पहिल्यांदा पाहावी तशी पाहिली.

"वाळवून आणतो," काका म्हणाले, आणि लाल गाडी काठावरून रस्त्यावर चढवून त्यांनी वळणाच्या दिशेने नेली. मायलेकी मागोमाग वर आल्या तेव्हा ओल्या चाकांची एकच काळी रेघ रस्त्यावर उमटत चालली होती.

"आई, आता बघ हं," चिमणी कुजबुजली.

वळण सुरू झालं तिथे त्या रेघेच्या दोन रेघा झाल्या. पुढचं चाक बाहेरून गेलं, मागचं किंचित आतून, आणि दोघांमध्ये दोन बोटांचं अंतर राहिलं. कुठे थरथर नाही, कुठे मोड नाही. वळण संपलं तिथे त्या पुन्हा एक झाल्या. जणू कोणी श्वास घेतला आणि सोडला.

"मला अजून असं जमत नाही," चिमणी म्हणाली. "माझी रेघ मधे डगमगते."

रेघ वाळेपर्यंत काकू बघत होत्या.

काका परत आले, चिमणी बसली. पहिली तीन वळणं माणसाच्या चालीने घ्यायची, गाडी उभी ठेवायची, पुढे जरा जरा झुकवायची, असं ठरलं. यावेळी तिने पाढे म्हटले नाहीत, नुसती मान हलवली. मग ती गेली. कठड्यावर बसलेल्या दोघांना ती वरच्या वळणावर दिसली, मग त्याच्या वरच्या, प्रत्येक वेळी आणखी लहान. काकूंनी हात जोडले होते, पण डोळे उघडे ठेवले होते.

बराच वेळ गेला. दुकान उघडायची वेळ कधीच टळली होती. दोघंही उठले नाहीत. मग काकूंचा फोन वाजला.

"आई, पोचले. आणि ऐक, आताच कालवड झाली! थोडी उलटी होती, वळवून घेतली. उभी राहायला बघतेय, पाय सगळीकडे पसरतायत तिचे!"

काकूंनी फोन काकांकडे दिला. काकांनी विचारलं, "हवा बघितलीस का?"

तिकडून चिमणी काय म्हणाली ते कळलं नाही, पण काका हसत होते आणि दंडाने डोळे पुसत होते. फोन ठेवून ते गाडीपाशी गेले. "चल. घरी जाऊ."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "वर किती वळणं आहेत?"

"अकरा."

"मला बघायचंय."

"काय? कालवड?"

"कालवड, पोरगी, वळणं. सगळं."

काकांनी पुढच्या टायरवर तळहात फिरवला, मागच्यावर फिरवला, आणि बसले. काकू मागे बसल्या.

"एक सांगतो," ते म्हणाले. "वळणावर गाडी झुकेल. तू पूर्वी घाबरून उलटीकडे ओढायचीस, म्हणून मला फार हळू घ्यायला लागायचं. मी झुकलो की माझ्याबरोबर झुक. काही करू नकोस, फक्त माझ्या खांद्यावरून वळणाच्या पुढे बघ."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू बसलीस कुठे परत?"

पहिलं वळण आलं. काकूंनी देवाचं नाव घेतलं, अंग सैल सोडलं आणि त्यांच्याबरोबर झुकल्या. रस्ता खांद्याच्या जवळ आला, इतका जवळ की त्यातला एकेक खडा दिसला, आणि खाली कुठेतरी तळहाताएवढ्या जागेने त्या दोघांना धरून ठेवलं. मग रस्ता पुन्हा दूर गेला, आभाळ जागेवर आलं, आणि पुढे दुसरं वळण दिसू लागलं.